कोयत्याचं 'पाणी' आणि उडालेले टवके
लोहाराकडून पाणी देऊन, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून आणलेल्या कोयत्याच्या धारेचे टवके उडतात, म्हणजे पोलादच हलकं, असं एकाचं म्हणणं आहे. मला नाही वाटत. पाणी दिल्यावर तो पुन्हा तापवला होता का, ते आधी विचारा.

०.८ टक्के कार्बनचं पोलाद ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून सावकाश थंड केलं तर पर्लाइट नावाची, त्या मानाने मऊ अंतर्रचना बनते. तेच पाण्यात बुडवलं की कार्बनला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. तो स्फटिकात अडकतो आणि मार्टेन्साइट ही दुसरी रचना तयार होते. काचेसारखी कडक, तितकीच ठिसूळ! म्हणून मग २०० ते ३०० अंशांचं टेम्परिंग, म्हणजेच ते पुन्हा तापवणं. जाणता लोहार ते घासलेल्या पात्यावर तापताना चढणाऱ्या रंगावरून ओळखतो: फिकट पिवळ्यावर थांबलं तर कडकपणा टिकतो, निळ्यापर्यंत गेलं तर चिवटपणा येतो. वस्तऱ्याला पिवळा ठीक, कोयत्याला मी निळ्याकडे झुकेन.