हँक एरन यांची चिकाटी : आदर्श म्हणावा की अन्यायाचा दाखला?

मूळ मत

अमेरिकी बेसबॉलमध्ये बेब रूथ यांचा ७१४ होम रनांचा (चेंडू सीमेपार टोलवून घेतलेल्या धावांचा) विक्रम ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटात मोडणाऱ्या हँक एरन यांचे आयुष्य चिकाटीचा आदर्श म्हणून सांगितले जाते आणि ते योग्यच आहे, असे माझे ठाम मत आहे. अलाबामातील मोबील शहरात गरिबीत वाढलेला हा मुलगा बाटल्यांची बुचे काठीने टोलवत खेळ शिकला. बॅट धरताना हातांची जागा उलटी ठेवण्याची त्याची सवय व्यावसायिक संघात येईपर्यंत सुटली नव्हती. पुढे २३ हंगामांत त्यांनी ७५५ होम रन केले, पण एकाही हंगामात ४७ च्या वर मजल मारली नाही. म्हणजे हे यश एखाद्या झंझावाती वर्षाचे नसून वर्षानुवर्षांच्या सातत्याचे आहे. रूथ या गोऱ्या दैवताचा विक्रम एक कृष्णवर्णीय खेळाडू मोडणार, हे दिसू लागताच त्यांच्यावर शिव्यांचा आणि जिवे मारण्याच्या धमक्यांचा वर्षाव झाला. तरीही त्या १९७३ च्या हंगामात, चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी ४० होम रन केले.

प्रतिसाद १

असहमत. एरन यांच्या थोरवीविषयी दुमत नाही. आक्षेप आहे तो ती सांगण्याच्या पद्धतीला. १९५२ मध्ये ते इंडियानापोलिस क्लाउन्स या कृष्णवर्णीयांच्या संघातून खेळत असताना वॉशिंग्टनमधील एका उपाहारगृहात संघाने न्याहारी केली आणि हे खेळाडू जेवलेल्या बशा आत स्वयंपाकघरात फोडल्या जात असल्याचा आवाज त्यांनी बसल्या जागी ऐकला. त्याच बशांत कुत्रे जेवले असते तर त्या धुऊन घेतल्या असत्या, असे त्यांनी नंतर लिहिले. अशा प्रसंगाला ‘प्रेरणादायी संघर्ष’ म्हटले की बशा फोडणारे हात कथेतून अलगद नाहीसे होतात आणि सोसणाऱ्याचे कौतुक तेवढे उरते.

प्रतिसाद २

मला निव्वळ खेळापुरते बोलायचे आहे. रूथ यांच्यापेक्षा एरन हजारो वेळा अधिक फलंदाजीला उतरले, त्यामुळे ७५५ हा आकडा गुणवत्तेपेक्षा दीर्घ कारकिर्दीचा अधिक आहे.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

हा युक्तिवाद टिकत नाही. एरन यांच्या एकूण हिट्स, म्हणजे चेंडू टोलवून सुखरूप तळावर पोहोचण्याचे फटके, ३,७७१ आहेत; होम रनही त्यांतच मोजले जातात. त्यांतून सगळे होम रन वजा केले तरी ३,०१६ उरतात, आणि ३,००० हिट्स हाच बेसबॉलमध्ये थोर फलंदाजाचा मानदंड समजला जातो. शिवाय इतका काळ त्या दर्जाने खेळत राहणे ही गुणवत्ता नव्हे, तर दुसरे काय?

पहिल्या प्रतिसादाबाबत म्हणेन की, सोसणाऱ्याचे कौतुक टाळल्याने अन्याय अधिक स्पष्ट दिसतो, असे मला वाटत नाही. १९५३ मध्ये जॅक्सनव्हिलच्या संघात असताना गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलात त्यांना उतरता येत नव्हते. तरी त्या वर्षी तो संघ खेळत असलेल्या लीगचे सर्वोत्तम खेळाडू तेच ठरले. ही त्यांची कमाई आहे. ती दुसऱ्यांच्या पापांच्या हिशेबात का बुडवावी?

प्रतिसाद ३

चिकाटीने दार उघडते, हा समज तपासायचा तर जॉश गिब्सन यांच्याकडे पाहावे. कृष्णवर्णीयांच्या लीगमधील हे अफाट फलंदाज जानेवारी १९४७ मध्ये पस्तिशीतच वारले. कृष्णवर्णीयांना तोवर बंद असलेल्या मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, मैदानात जॅकी रॉबिन्सन हे कृष्णवर्णीय खेळाडू उतरले ते त्याच वर्षी १५ एप्रिलला. कृष्णवर्णीयांच्या त्या जुन्या लीगचे आकडे २०२४ मध्ये मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत धरले गेले, तेव्हा कारकिर्दीच्या फलंदाजी सरासरीत गिब्सन सर्वांच्या पुढे निघाले. त्यांची चिकाटी कुठे कमी पडली होती?

प्रतिसाद १ देणाऱ्याचे पुन्हा उत्तर

हेच म्हणायचे होते. ७१५ वा होम रन झाल्यावर एरन यांनी देवाचे आभार मानले ते हे सारे एकदाचे संपले म्हणून. त्या रात्री बेसबॉलचे आयुक्त मैदानावर हजरही नव्हते. धमक्यांची पत्रे एरन यांनी फेकली नाहीत, विसर पडू नये म्हणून जपून ठेवली. आणि निवृत्तीनंतर अटलांटाच्या ब्रेव्ह्ज या आपल्या जुन्या संघाच्या व्यवस्थापनात काम करताना, वरच्या पदांवर कृष्णवर्णीय इतके कमी का, हा प्रश्न ते जाहीरपणे विचारत राहिले. त्यांना आदर्श मानायचे असेल, तर होम रनांबरोबर हा प्रश्नही तरुणांपर्यंत पोहोचवावा लागेल.