जुना लॅपटॉप एक्सचेंजमध्ये देणारे आम्ही सगळे अडाणी का?

रामबागकर
परवा 'व्यवहारी' यांनी आपल्या इंदूरच्या मंडळींना इथे ग्रुपवर उपदेश केला: "एक्सचेंज म्हणजे अडाण्यांवरचा कर. जुना लॅपटॉप दुकानदाराच्या घशात घालू नका, स्वतः विका, दुप्पट मिळतील. ज्याला चार फोटो काढून जाहिरात टाकता येत नाही त्याने लॅपटॉप वापरूच नये." खाली एकसष्ट अंगठे. म्हटलं, जाऊ दे. दोन दिवस जाऊ दिलं. आज राहवत नाही.

कारण हा अडाणी आधी स्वतःच विकायला बसला होता. २०१७ चा लॅपटॉप, इंटेलचा सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम. बारा हजारांची जाहिरात टाकली. तासाभरात सतरा जणांनी विचारलं, "लास्ट प्राइस?" लास्ट सांगितली तर म्हणे, "भिया, इससे लास्ट?" एक जण फौजेत होता म्हणे. तो क्यूआर पाठवणार, मी स्कॅन करायचा आणि पैसे माझ्याच खात्यात येणार! स्कॅन केल्यावर पैसे जातात, येत नाहीत, एवढं अडाण्यालाही कळतं.

शेवटी इंदूरजवळच्या राऊहून एक गृहस्थ खरेच आले. रविवार सकाळ. सोफ्यावर बसले, चहा झाला, पोहे झाले. एकेक बटण दाबून पाहिलं. मग लॅपटॉप टेबलावर ठेवून कोपऱ्यावर बोट टेकवलं, तर तो डुगडुगला. आतली बॅटरी फुगून टचपॅड पुरीसारखा वर आलेला, माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. "पाच हजार," म्हणाले, आणि विचार करून सांगतो म्हणून गेले ते गेलेच. बायको म्हणाली, पोहे दुसऱ्यांदा घेतले तेव्हाच मी ओळखलं.

असे तीन रविवार. मग दुकानात गेलो. ॲपवर ८,४०० दाखवत होते, काउंटरवर ५,९०० झाले, वर एक्सचेंज बोनस ४,०००. ६२,९९० चा नवा ५३,०९० ला घेतला. वीस मिनिटांत बाहेर. अडीच हजार कापले, कबूल. माझे रविवार कोण मोजणार?

व्यवहारी
नाव घेतलंत म्हणून उत्तर देतो. राऊवाल्याने पाच सांगितले, दुकानाने ५,९००. म्हणजे माल साडेपाच-सहाचाच होता. त्याला तुम्ही बारा मागत होता. रोग तिथे आहे, आणि औषध म्हणून एक्सचेंज घेतलंत.

४,००० चा बोनस म्हणजे आधी चढवलेला भाव. दिवाळीत तेच मॉडेल जुनं काही न देता कितीला होतं ते बघा. आपल्याकडे दारावर बोहारीण यायची ना, जरीची साडी घेऊन पातेलं देणारी? तिचंच हे एसी लावलेलं दुकान. पातेलं चकचकीत दिसतं म्हणून साडी गेल्याचं कळत नाही.

हिशेबनीस
करावरून कोणी बोलत नाहीये, म्हणून सांगतो. जुनं देऊन नवं घेतलं तरी जीएसटी पूर्ण किमतीवर लागतो. केंद्रीय जीएसटी (सीजीएसटी) नियम २०१७, नियम २७. त्यात उदाहरणच फोनचं आहे: जुना देऊन नवा फोन २०,००० ला, जुन्याशिवाय २४,००० ला, तर हिशेब २४,००० वर. रामबागकरांनी ५३,०९० दिले, पण कर ६२,९९० च्या बिलाचाच भरला, ९,६०८ रुपये.

तेच बिलात सरळ सूट दाखवली तर कर उरलेल्या रकमेवर लागतो. दुकानदार ४,००० सोसायला तयार असेल तर तेवढ्याच खर्चात त्याला ४,७२० ची सूट देता येते. म्हणून मी विचारतो, "एक्सचेंज राहू दे, बिलात काय कमी करता?" तोंड बघण्यासारखं होतं.

रामबागकर
आणि मिळते का सूट?

हिशेबनीस
एकदा मिळाली. एरवी "बोनस कंपनीचा आहे साहेब, आमच्या हातात नाही" हे उत्तर. ते बऱ्याचदा खरंही असतं.

सुदामानगरची
बाकी चालू द्या, पण व्यवहारी, बोहारणीला का मधे ओढलंत? तुम्ही ती कधी पाहिली आहे का, की नुसती ऐकली आहे?

आमच्या ओट्यावर यायची. डोक्यावरची पाटी उतरवायला आजीच हात लावायची. मग आधी पाणी, भाव नंतर. साडी उजेडात धरायची, घडीवर दोन बोटांनी ताणून बघायची. विरलेली असेल तर तिथेच टर्रकन आवाज यायचा आणि आजीचा चेहरा पडायचा. तीन साड्या आणि बाबांच्या दोन टेरिकॉटच्या पँटींवर स्टीलचा डबा ठरला, तरी आजी म्हणायची, "वर एक चमचा टाक." अर्धा तास घासाघीस व्हायची आणि चमचा मिळायचाच. पण बोललेला भाव एकच, तोही तोंडावर. घरबसल्या ८,४०० दाखवायचे आणि माणूस दुकानात येऊन नव्यावर मन बसलं की ५,९०० करायचे, ही विद्या तिला येत नव्हती.

आता_पुण्यात
ताई, फार गोड आठवण, पण आमच्या इंदूरच्या नारायण बागेतल्या घरी उलटं झालं. आईने लग्नातला शालू दिला, मोबदल्यात बादली. त्याची जर काळी पडली होती म्हणून खोटी वाटली. आत्याने नंतर सांगितलं की चांदीची होती, खरी जर काळीच पडते. लोक पदर जाळून चांदी काढायचे. बाबा आठवडाभर बोलले नाहीत. बादली अजून आहे, गच्चीवर, कुंडीखाली. तेव्हा बोहारीण साधीभोळी वगैरे काही नाही.

सुदामानगरची
साधीभोळी मी म्हटलंच नाही. जर ओळखणं हा तिचा धंदा होता. तुमच्या आईला स्वतःचा शालू ओळखता आला नाही हा बोहारणीचा दोष?

आता_पुण्यात
आईवर जाऊ नका.

सुदामानगरची
मग तुम्ही तिच्यावर का जाता? ती उन्हात गल्लोगल्ली पाटी घेऊन फिरायची, तेच कपडे धुऊन, शिवून बाजारात विकायची. आपल्याला भांडं मिळायचं, कुणाला तरी अंगभर कपडा मिळायचा. आणि 'बोहारीण' हा शब्द आपण शिवीसारखा वापरायचा. माझं डोकं त्यानेच फिरलं, लॅपटॉपने नाही.

व्यवहारी
बरं बाई. बोहारणीची जाहीर माफी मागतो. एक्सचेंजवाल्यांची नाही.

नवखा_इंदोरी
कोणी मला सांगून राहिलं नाही की बोहारीण म्हणजे काय. आमच्याकडे बर्तनवाली म्हणतात. तीच का?

आता_पुण्यात
तीच. आणि "सांगून राहिलं नाही" नव्हे, "सांगितलं नाही".

नवखा_इंदोरी
काका, तुम्ही पुण्यात जाऊन किती वर्षं झाली? आमची आजी असंच बोलून राहिली नव्वद वर्षं. शालूची जर तुम्हाला ओळखता आली नाही, मराठी बरी ओळखता येते.

स्क्रूड्रायव्हर
झालं का भांडीकुंडी? मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही. तो लॅपटॉप द्यायचाच कशाला? रामबागकर, त्यात एसएसडी होती, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, की जुनी हार्ड डिस्क?

रामबागकर
कंपनीतून आली तीच. १ टीबी.

स्क्रूड्रायव्हर
वाटलंच. फिरती डिस्क, फुगलेली बॅटरी, आणि माणूस म्हणतो लॅपटॉप म्हातारा झाला. एसएसडी आणि बॅटरी टाकली असती तर दोन-तीन वर्षं सहज चालला असता. नवीन घेताना रॅम बोर्डावरच डकवलेली आहे का, तेही पाहिलं नसणार. डकवलेली असली की वाढवता येत नाही, पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा त्याच काउंटरवर.

हिशेबनीस
आणि विंडोजचं काय? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, यांची सातवी. एका पिढीने हुकला.

स्क्रूड्रायव्हर
विंडोजऐवजी लिनक्स.

हिशेबनीस
माझं टॅली आणि टॅक्सचं सॉफ्टवेअर तुम्ही येऊन चालवून द्याल का लिनक्सवर? दर तिमाहीला?

स्क्रूड्रायव्हर
तुमच्यासाठी म्हणत नाहीये. रामबागकर शिकवण्या घेतात, त्यांना पीडीएफ आणि ब्राउझर पुरतं. बरं, तुमच्यापुरतं मान्य, विंडोज लागतंच. आता खूश?

नवखा_इंदोरी
नाहीतर कचऱ्याच्या गाडीत टाकायचा. आपल्याकडे गाडीला ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा आहे. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर उगाच नाही.

स्क्रूड्रायव्हर
चालू लॅपटॉप कचऱ्यात? आणि तोही फुगलेल्या लिथियम बॅटरीसकट? त्या गाडीत दाबली गेली तर पेट घेते. पहिला नंबर आहे म्हणून काहीही टाकायचं?

मला खरी काळजी दुसरीच आहे. रामबागकर, देण्याआधी डिस्क पुसलीत का?

रामबागकर
फॉरमॅट मारला की.

स्क्रूड्रायव्हर
क्विक फॉरमॅट?

रामबागकर
असेल. दोन मिनिटांत झाला.

स्क्रूड्रायव्हर
अरे देवा. त्याने फक्त अनुक्रमणिका फाटते, पुस्तक तसंच राहतं. फिरत्या डिस्कवरून फुकटच्या सॉफ्टवेअरने फायली परत काढता येतात. त्यात काय होतं?

रामबागकर
मुलांचे पेपर. आईचं आधार, पेन्शनचे कागद. बँकेची स्टेटमेंट्स. माझं पॅन. पासवर्डची एक एक्सेल फाईल, नाव 'पासवर्ड'.

व्यवहारी
मी काही बोलत नाही.

सुदामानगरची
आता तरी बोहारीण बरी म्हणाल की नाही? पँट देताना आजी खिसे उलटे करून बघायची.

हिशेबनीस
पावतीबरोबरचा फॉर्म काढा. माझ्याकडच्या फॉर्मवर बारीक अक्षरात होतं, डेटाची जबाबदारी ग्राहकाची. तुम्हीही सही केली असणार. पासवर्ड आजच बदला, बँकेचे आधी.

रामबागकर
बदलले. रात्री दोनपर्यंत बसलो होतो.

रामबागकर
आज दुकान उघडायच्या आधीच शटरसमोर उभा होतो. माल अजून पुढे गेलेला नव्हता. मागच्या खोलीत लॅपटॉपांची कमरेइतकी चळत, त्यात वरून चौथा माझा. आईने चिकटवलेला गणपती तसाच होता म्हणून लगेच ओळखला. आधी म्हणाले, आता तो आमच्या मालकीचा झाला. मी म्हटलं, लॅपटॉप तुमचा, आधार आईचं. त्यावर तिथला एक मुलगा हसला आणि त्यानेच उघडून दिला. फुगलेली बॅटरी काढून बाजूला ठेवली, नुसत्या चार्जरवर चालू केला. विंडोज नव्याने टाकून मग रीसेट, आणि त्यात ड्राइव्ह पूर्ण साफ करायचा पर्याय. टक्का हलता हलेना. साडेतीन तास स्टुलावर बसलो. मधे त्या मुलाने पोहे-जलेबी आणली, पैसे घेतले नाहीत.

स्क्रूड्रायव्हर
एसएसडी असती तर इतका वेळ बसावं लागलं नसतं.

व्यवहारी
वीस मिनिटांत बाहेर, असं कोणीतरी लिहिलं होतं. वर एक रात्र, वर साडेतीन तास. रविवार गेलाच शेवटी.

रामबागकर
आज मंगळवार आहे.