कार्मेन ऑपेरा मराठीत करायचाय, आठ माणसांत जमेल का?

फोंड्याची_नाटकवाली: नमस्कार मंडळी, आमचा हौशी ग्रुप दरवर्षी देवळाच्या उत्सवात नाटक करतो आणि यंदा माझ्या डोक्यात फ्रेंच संगीतकार बिझेचं कार्मेन बसलंय. चार अंक, भलामोठा कोरस, पोरांचा वेगळा कोरस, फुल ऑर्केस्ट्रा असा सगळा पसारा, आणि आमच्याकडे माणसं आठ, ऑर्गन, तबला, मडगावचा एक व्हायोलिनवाला, बस. दोन तासांत आटपायला हवं. काय कापू? आणि सेव्हिलचा सिगारेटचा कारखाना ठेवू की आपला काजूचा करून टाकू?

विंगेतला: ताई, बिनधास्त करा. कार्मेन १८७५ मध्ये पॅरिसला आलं तेव्हा पदांच्या मधे गद्य संवादच होते, तेही गायचे हे बिझे वारल्यावर गिरो नावाच्या त्याच्या मित्राने केलं. म्हणजे मूळ घाट आपल्या सौभद्रासारखाच, पद झालं की बोलायचं, मग गद्य बिनधास्त ठेवा. दिग्दर्शक पीटर ब्रूकने १९८१ मध्ये तर कोरस पूर्ण काढून चार गायकांवर दीड तासाच्या आत बसवलं. फक्त मिकाएला, म्हणजे होझेच्या गावाकडची मुलगी, कापू नका हां, ती त्याच्या आईचा निरोप घेऊन येते म्हणून होझेला, कार्मेनच्या प्रेमात पडलेल्या त्या शिपायाला, घर आहे हे कळतं, ती गेली की तो नुसता खुनी उरतो. हक्कांची काळजी नको, मूळ लिहिणारे जाऊन शंभराच्या वर वर्षं झाली, पण आजची कोणाची अरेंजमेंट किंवा ट्रॅक वापरलात तर परवानगी घ्या.

काळी_चार: मी ऑर्गनवर हबानेरा, म्हणजे कार्मेनचं पहिलं गाणं, वाजवून पाहिलंय. पहिला सूर षड्ज धरलात तर चाल तार सा वरून शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प अशी एकही पट्टी न गाळता उतरते, पुढे दोन्ही मध्यम लागोपाठ. कुठल्याच रागात बसत नाही आणि कृपा करून बसवूही नका, त्या घसरण्यातच ती बाई आहे. पुढे कोमल गंधाराचा शुद्ध होतो ना, तिथे एकदम ऊन पडल्यासारखं वाटतं. तबल्याला आठ मात्रा द्या, वजन १, ४, ५, ७ वर, लग्गी, म्हणजे जलद भरणा, नको.

सासष्टीकर: काजूचा कारखाना चालेल, बायकांचं भांडण तिथे छान जमेल. पण एस्कामियोचं, म्हणजे रिंगणात बैलाशी झुंजणाऱ्या टोरेअडोरचं, काय करणार? आपल्या धिरयोत बैल बैलाशी झुंजतो, माणूस रिंगणात उतरत नाही, शिवाय १९९६ पासून कोर्टाची बंदी. मी तरी सेव्हिलच ठेवीन. आणि कोरस शेवटी लागतोच, होझे कार्मेनला रिंगणाबाहेर मारतो तेव्हा आत लोक टोरेअडोरचा जयजयकार करत असतात, ते सुटलं तर शेवट पडला. सहा जणांना विंगेत उभं करा.

फोंड्याची_नाटकवाली: सेव्हिल ठरलं. काल तालमीत शेवटचा प्रवेश केला, सहा जण पडद्यामागून ओरडले आणि पुढे दोघंच, आमचा तबलजी हात थांबवून बघत राहिला. आता मराठी पदं कोण लिहून देईल ते सांगा, हबानेराच्या चालीत जोडाक्षरं आली की माझी कार्मेन अडखळते.