घर आम्ही नवे घेतले, वादन मात्र पन्नास वर्षांचे: तक्रारीवर सही करावी का?

प्रश्न

सहा महिन्यांपूर्वी आम्ही एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला आलो. ताबा घेण्याआधी दोनदा घर पाहिले होते, पण दोन्ही वेळा कामाच्या दिवशी आणि सकाळी. इमारतीच्या मागे मोठे मैदान आहे आणि त्याच्या कडेला दर शनिवारी दुपारी चारपासून रात्री दहापर्यंत तालवादक जमतात, हे आम्हाला राहायला आल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी कळले. विकणाऱ्याने त्याचा उल्लेखही केला नव्हता, आणि आम्हीही आजूबाजूच्या कुणाला विचारले नव्हते.

मोठ्या वाद्यावर थाप पडली की बाल्कनीचा सरकता दरवाजा चौकटीत थरथरतो आणि टेबलावर ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर बारीक वलये उठतात. सासरे ७८ वर्षांचे आहेत, त्यांची हृदयशस्त्रक्रिया झालेली आहे आणि त्यांना आठ वाजता झोपायची सवय आहे. शनिवारी ते दहापर्यंत उशाशी हात ठेवून नुसते पडून असतात. ते एका शब्दाने कुरकुर करत नाहीत, पण मला ते पाहवत नाही.

आता इमारतीतल्या काही जणांनी सामूहिक तक्रारीचा अर्ज तयार केला असून माझी सही मागितली आहे. तो कागद तीन दिवस माझ्याकडे पडून आहे. त्यात ‘बाहेरच्या लोकांमुळे परिसराची शांतता भंग होते’ असे एक वाक्य आहे, आणि तिथे माझा हात अडतो. हे वादन पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे, असे खालच्या दुकानदाराने सांगितले. मग बाहेरचे नेमके कोण? नंतर आलेल्या माणसाला तक्रारीचा हक्क असतो का, आणि असला तरी तो कसा बजावावा, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

पहिला प्रतिसाद

आपण ते वाक्य हेरलेत, याचे मला मोठे समाधान वाटले, कारण अशा वादांत पुढे सगळे बिघडते ते बहुधा कागदावरच्या एखाद्या शब्दामुळेच.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या मार्कस गार्व्ही उद्यानात १९६९ पासून उन्हाळ्यातल्या शनिवारी तालवादक जमत आले आहेत. उद्यानासमोर नवी, महागड्या घरांची इमारत उभी राहिली आणि २००७-०८ च्या सुमारास तिथल्या काही रहिवाशांनी आवाजाविरुद्ध तक्रारी केल्या. पोलीस आले, बैठका झाल्या आणि वादकांची बसण्याची जागा उद्यानातल्या उद्यानात हलवण्यात आली. एवढ्यावर हे प्रकरण व्यवहाराचे राहिले असते. पण त्या इमारतीतल्या रहिवाशांमध्ये वादकांविषयी एक वंशद्वेषी ईमेल फिरला आणि तेव्हापासून डेसिबलचा प्रश्न मागे पडून ‘हा परिसर कुणाचा’ हा प्रश्न पुढे आला. ज्यांना खरोखर झोप लागत नव्हती, त्यांचे म्हणणेही त्यानंतर कुणी सरळ मनाने ऐकले नसेल, असे मला वाटते.

वॉशिंग्टन शहरातही असेच घडले. एका मोबाइलच्या दुकानाबाहेर १९९५ पासून त्या शहराचे स्वतःचे ‘गो-गो’ संगीत वाजत असे. २०१९ मध्ये जवळच्या नव्या इमारतीतून तक्रार आली आणि संगीत बंद करण्यास सांगण्यात आले. लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले, संगीत पुन्हा सुरू झाले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये गो-गो हे त्या शहराचे अधिकृत संगीत ठरवणाऱ्या कायद्यावर महापौरांची सही झाली. एका तक्रारीने नेमके उलटे फळ दिले. याचा अर्थ तक्रार करणारा दुष्ट होता, असा मी काढणार नाही. मात्र ज्या आवाजात एखाद्या वस्तीला स्वतःची ओळख ऐकू येते, त्याला आपण ‘उपद्रव’ म्हटले की समोरच्याला तो आपल्या अस्तित्वावरचा आक्षेप वाटतो, हे ध्यानात ठेवावे. अर्ज आहे तसा असेल, तर सही करू नये.

दुसरा प्रतिसाद

वरचे मत भावनेच्या बाजूने मला पटते, पण ‘नंतर आलेल्याने बोलू नये’ असा त्यातून कुणी नियम काढला, तर तो चुकीचा ठरेल. मी वकिली करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असल्यामुळे आपल्या ठिकाणचे नियम आपण स्वतंत्रपणे तपासून घ्यावेत.

इंग्लंडमधला १८७९ चा स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन हा खटला या विषयात नेहमी आठवला जातो. एक मिठाईवाला वीस वर्षांहून अधिक काळ मोठे खल आणि बत्ते वापरत होता. शेजारी राहायला आलेल्या डॉक्टरने काही वर्षांनी आपल्या बागेच्या टोकाला, मिठाईवाल्याच्या भिंतीला लागूनच, रुग्ण तपासण्याची खोली बांधली आणि मग त्याला तो आवाज असह्य झाला. न्यायालयाने निकाल डॉक्टरच्या बाजूने दिला. ‘मी आधीपासून आहे’ हा बचाव तिथे टिकला नाही. एका मोटारशर्यतींच्या मैदानाबाबतच्या कॉव्हेंट्री विरुद्ध लॉरेन्स या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हेच सूत्र मुळात कायम ठेवले. तक्रारदारांनी मैदानाजवळचा आपला बंगला २००६ मध्ये, म्हणजे शर्यती सुरू झाल्यावर कित्येक वर्षांनी, घेतला होता.

पण हक्क मान्य होणे वेगळे आणि वादन बंद पडणे वेगळे. १९७७ च्या मिलर विरुद्ध जॅक्सन या खटल्यात सुमारे सत्तर वर्षे जुन्या क्रिकेटच्या मैदानाला लागून नवी घरे झाली आणि चेंडू अंगणात पडू लागले. तीनपैकी दोन न्यायाधीशांनी हा उपद्रव असल्याचे मान्य केले, तरी खेळ थांबवण्याचा आदेश बहुमताने नाकारून फक्त भरपाई देण्यात आली. मला हा निकाल आजही शहाणपणाचा वाटतो.

फ्रान्सने उलट दिशेने पाऊल टाकले आहे. ओलेरॉन बेटावरच्या ‘मॉरिस’ नावाच्या कोंबड्याच्या आरवण्याविरुद्ध सुट्टीत तिथे येणाऱ्या एका दाम्पत्याने दावा लावला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये तो फेटाळला गेला आणि उलट दावेदारांनाच १,००० युरो भरपाई द्यावी लागली. जानेवारी २०२१ मध्ये ग्रामीण भागातले आवाज आणि गंध यांना वारशाचा भाग मानणारा कायदा झाला. एप्रिल २०२४ च्या कायद्याने तर असे ठरवले की, एखादे काम तुम्ही घर घेण्याआधीपासून नियमांनुसार चालू असेल आणि पुढेही त्याच स्वरूपात, त्रास न वाढवता चालू राहिले असेल, तर त्याविरुद्ध भरपाई मागता येत नाही.

या शेवटच्या अटीकडे आपण नीट पाहावे, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. परंपरा पन्नास वर्षांची असेल, पण आज जो आवाज येतो तोही पन्नास वर्षांचाच आहे का? वेळ लांबली आहे का, माणसे वाढली आहेत का, ध्वनिवर्धक वापरत असतील, तर तो कधी आला? जुनेपणाचा आधार परंपरेला मिळावा, तिच्यात नंतर शिरलेल्या यंत्राला तो आपोआप मिळू नये.

आणखी एक गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये नियोजनाच्या नियमांत असे तत्त्व आणले की, जुन्या संगीतस्थळाशेजारी जो नवी घरे बांधतो, आवाज अडवण्याची जबाबदारी त्याचीच. आपल्या इमारतीच्या बांधकाम व्यावसायिकाला मागे काय चालते हे नक्कीच ठाऊक असणार. अर्जात त्याचे नाव कुठेच नाही आणि सगळा रोख वादकांवरच आहे, हे मला खटकते.

तिसरा प्रतिसाद

मी इमारतींच्या ध्वनिरोधनाचे काम करते. पाण्यावरच्या वलयांविषयी आपण लिहिलेत, त्यावरून दोन-तीन गोष्टी सांगता येतील.

मोठ्या वाद्याचा घुमारा हा खालच्या पट्टीचा ध्वनी असतो. बोलण्याचा किंवा शिट्टीचा आवाज साधी काच बऱ्यापैकी अडवते, पण खालची पट्टी हलक्या भिंतींतून आणि काचांतून सहज आत येते. त्यामुळे जाड पडदे लावून काहीही साधत नाही, आणि झाडांच्या एखाद्या रांगेनेही फारसा फरक पडत नाही. मोबाइलमधल्या आवाज मोजण्याच्या ॲपवर विसंबू नये. मोजणीची नेहमीची पद्धत माणसाच्या कानाला अनुसरून खालच्या पट्टीचे वजन कमी धरते, म्हणून आकडा मर्यादेत दिसतो आणि छातीत ठोका मात्र जाणवतो. कार्यालयातून कुणी मोजणीला आलेच आणि ‘सगळे नियमात आहे’ असे सांगून गेले, तर आपला त्रास खोटा ठरत नाही, हे सासऱ्यांनाही सांगावे.

थरथर मात्र बहुधा दरवाजाची आहे. सरकत्या दरवाजाच्या खाचेतली रबरी पट्टी सैल असते किंवा बसवलेलीच नसते, मग पातळ काच चौकटीत वाजते. शनिवारी वादन चालू असताना काचेवर तळहात दाबून धरा. खडखड थांबली, तर पट्ट्या बदलल्याने बराच उतार पडेल. त्या बसवून देणे हे बांधकाम व्यावसायिकाचे काम आहे.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरला की कानाला तो जवळजवळ निम्मा वाटतो. म्हणजे वादक ४० मीटरवर बसत असतील आणि ८० मीटरवर बसले, तर फरक नक्की कळेल. ध्वनिवर्धक असेल, तर त्याचे तोंड कुठे आहे हे आधी पाहावे. शिवाय आपली उंच इमारत स्वतःच एक सपाट भिंत आहे. मैदानावरचा आवाज तिच्यावर आपटून परत फिरतो, त्यामुळे कदाचित वादकांनाही आता स्वतःचा ताल पूर्वीसारखा स्वच्छ ऐकू येत नसेल. हे त्यांना विचारून पाहण्यासारखे आहे.

चौथा प्रतिसाद

ताई, मी अशाच एका गटात ३१ वर्षे वाजवतो आहे. आपला गट वेगळा आहे, तरी पलीकडची बाजू कळावी म्हणून लिहितो.

आमच्याविरुद्ध पहिली तक्रार झाली, तेव्हा आमच्याकडे माणूस आला नाही, नोटीस आली. कोणत्या घरातून, कुणाला, कोणत्या वेळी त्रास होतो, याचा त्यात एकही शब्द नव्हता. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ वादक तो कागद हातात धरून बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी एवढेच विचारले, “हे कुणी लिहिले? खाली येऊन का नाही सांगितले?” त्यानंतरचे दोन महिने आम्ही मुद्दाम जोरात वाजवले. ते चुकीचे होते, हे मी आज मान्य करतो.

तिसऱ्या महिन्यात एक बाई लहान मुलीला कडेवर घेऊन आल्या आणि म्हणाल्या की, हिला रात्री आठनंतर घाबरायला होते. आम्ही त्याच आठवड्यापासून मोठी वाद्ये आठ वाजता खाली ठेवू लागलो आणि पुढचा तास लहान वाद्यांवर शिकाऊ मुलांचे हात बसवू लागलो. दमट हवेत चामडे सैल पडते, आवाज बसका होतो आणि मग वाजवणारा नकळत थापेचा जोर वाढवतो. म्हणून आता आम्ही पावसाळी दिवसांत चामडे आधी शेकून, दोऱ्या ताणून घेतो. इतकी बारीक गोष्ट कोणत्याही नोटिशीतून आम्हाला सुचली नसती.

आपण शनिवारी दुपारी, वादन सुरू होण्याच्या आधी खाली जावे. त्या वेळी सगळे दोऱ्या ताणत बसलेले असतात आणि बोलायला मोकळे असतात. सासऱ्यांविषयी इथे लिहिलेत तसेच तिथे सांगावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल साडेतीनला मी आणि यजमान खाली गेलो. सुरुवातीची दहा मिनिटे अवघड गेली, कारण अर्जाची बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोहोचली होती आणि आम्ही त्याच इमारतीतले आहोत, हे त्यांना दिसत होते. मी सासऱ्यांविषयी सांगितल्यावर एका वयस्कर गृहस्थांनी कोणता मजला, कोणती खिडकी, असे विचारून वर पाहिले.

ध्वनिवर्धक चार वर्षांपूर्वी आलेला आहे. रस्त्यावरची वाहतूक वाढल्यामुळे मागे बसलेल्यांना ताल ऐकू येईना, म्हणून तो आणावा लागला, असे त्यांनी सांगितले. त्याचे तोंड थेट आमच्या इमारतीकडे होते. ते त्यांनी कालच रस्त्याच्या बाजूला वळवले. इमारत झाल्यापासून आवाज ‘परत येतो’, हे त्यांच्यातल्या दोघांनी मी न विचारताच सांगितले. दहाची वेळ नऊवर आणायला मात्र ते तयार झाले नाहीत. बरेच जण काम संपवून सातनंतर पोहोचतात, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते मला नाकारता आले नाही. मोठी वाद्ये साडेआठनंतर मैदानाच्या दूरच्या टोकाला नेऊन पाहू, असे ठरले आहे.

काचेवर तळहात दाबला तेव्हा खडखड थांबली. रबरी पट्ट्यांसाठी बांधकाम व्यावसायिकाला आज लेखी कळवले आहे.

अर्जावर मी सही केली नाही, पण अकरा घरांच्या सह्या झाल्या आहेत. येत्या गुरुवारी इमारतीची बैठक आहे. अर्ज द्यायचाच असेल तर तो ध्वनिवर्धक आणि खिडक्या यांपुरता असावा आणि ‘बाहेरच्या लोकांमुळे’ हे शब्द काढून टाकावेत, असे मी तिथे मांडणार आहे. गटातल्या दोघांना बैठकीला बोलवावे, अशी विनंती मी सचिवांना केली आहे, परंतु त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.