'ही जागा आमची आहे': चर्चमधल्या स्वागताचे अनुभव

निवृत्त_पाळक
काल नातीला घेऊन एका उपासनेला गेलो होतो. आमची नेहमीची मंडळी (म्हणजे आमचं चर्च) नाही, दुसरीच. तिसऱ्या बाकावर बसलो. पहिलं गीत सुरू व्हायच्या आत एक बाई येऊन शेजारी उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या. मग हळूच, "नवीन दिसता. इथं आम्ही बसतो." उठलो. नात म्हणाली, "आजोबा, नाव लिहिलंय का त्यावर?" हसू आलं आणि लगेच पोटात खड्डा पडला. हेच दृश्य मी एकदा समोरून पाहिलंय, वेदीजवळ उभा राहून.

पाळक म्हणून दीक्षा होऊन वर्षही झालं नव्हतं. विशीतला एक मुलगा आला, हातात हेल्मेट. दुसऱ्या बाकाच्या कडेला बसला. थोड्या वेळाने आमच्या कमिटीतले एक वजनदार गृहस्थ सहकुटुंब आले. त्यांनी मुलाच्या खांद्याला एक बोट लावलं आणि त्याच बोटाने मागची जागा दाखवली. मुलगा गडबडीत उठला, हेल्मेट बाकावर आपटलं, सगळ्यांनी वळून पाहिलं. तो मागे जाऊन बसला नाही. सरळ बाहेर पडला.

मी तेव्हा सूचना वाचत होतो. थांबलो नाही. "बुधवारची प्रार्थनासभा संध्याकाळी सात वाजता" हे वाक्य मी पूर्ण केलं. आज तीसेक वर्षं झाली, ते वाक्य पाठ आहे.

मंडळी चालवणाऱ्यांनी लिहा, मंडळीत जाणाऱ्यांनी लिहा. एकदा जाऊन परत न गेलेल्यांनी तर नक्की लिहा.

शेवटचाबाक
आमच्याकडे उलटं आहे साहेब. पुढचे चार बाक कायम रिकामे, शेवटच्यासाठी मारामारी. उशिरा येणाऱ्याला शिक्षा म्हणून पुढे बसावं लागतं 😄

पाळकीणबाई_बोलतेय
सलाम सर. वाचून गप्प झाले. माझे मिस्टर पाळक आहेत, म्हणजे पगार एकाला आणि कामाला दोघं. दारात उभं राहून हसायचं काम माझ्याकडे. एका रविवारी ताप होता म्हणून नुसती बसून राहिले, तर संध्याकाळी फोन, "बाईंना काही राग आलाय का?" दोनशे माणसांच्या मंडळीत नवख्याशी बोलायचं कंत्राट एकट्या बाईकडे कसं काय असतं हो? बाकीचे उपासना संपली की आपापल्या घोळक्यात. त्यात कुणाच्या मुलाचं ठरलं, कुणाची बदली झाली. नवीन माणूस पायरीवर मोबाइल काढून उभा, कुणाचा मेसेज आलेला नसतो तरी वाचतोय.
कुकर झालाय, येते नंतर.

शेवटचाबाक
तो मोबाइलवाला मीच. आठ महिने.

स्वाक्षरी_नाही
मी घटस्फोटित. मुलगी चार वर्षांची असताना नव्या शहरात आले आणि पहिल्याच रविवारी गेले. दारात "मिस्टर नाही आले?" बाकावर "एकट्याच का?" निघताना पाळकांनी हात मिळवला आणि "पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या." वाईट कुणीच नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं आपण चौकशी करतोय.

परत का गेले ते सांगते. दुसऱ्या गीताच्या वेळी मी पुस्तकात नंबर शोधत होते. मधेच पानं फाटलेली, नंबर लागेना. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्याकडे न बघताच स्वतःचं पुस्तक माझ्या पुढ्यात सरकवलं, ओळीवर बोट ठेवलं आणि त्या पाठ म्हणत राहिल्या. बोटाच्या टोकाला शाई होती. नाव-गाव-नवरा काही विचारलं नाही. पुढची सहा वर्षं मी त्यांच्याच शेजारी बसले.

कॅमेऱ्यामागचा
ताई 🙏
माझा मुद्दा वेगळा आहे. 2020 मध्ये सगळं बंद झालं तेव्हा उपासना लाइव्ह सुरू केली. तेव्हा पाळक कॅमेऱ्याकडे बघून बोलायचे, नावं घ्यायचे. सगळे परत आले आणि कॅमेरा कोपऱ्यात गेला. अजून चाळीसेक जण घरून बघतात, त्यातल्या अर्ध्यांना जिना उतरता येत नाही. "सर्वांचं स्वागत" म्हणताना आमचे साहेब समोरच्या बाकांकडेच बघतात. मी आता कॅमेऱ्याच्या खाली कागद चिकटवलाय, त्यावर एवढंच लिहिलंय: "इकडेही."

बाय द वे, माइकमधून सतत गुंऽऽ आवाज येतो. कुणाला उपाय माहीत आहे का?

चाकांवरून
रॅम्पबद्दल कुणी बोलणार की मीच सुरू करू?
आमच्या चर्चला रॅम्प आहे. इमारतीच्या मागे, सामानाच्या खोलीतून. म्हणजे मी नाताळच्या गोठ्यातली मेंढरं, मोडका पंखा आणि खुर्च्यांची रास ओलांडून देवाच्या घरात शिरतो. खोलीची किल्ली एकाच माणसाकडे. तो गावाला गेला की माझा रविवार यूट्यूबवर. आत गेल्यावरही जागा कुठे, तर दोन बाकांच्या मधल्या वाटेत. अर्पणाची पिशवी फिरवणारा दर वेळी "सॉरी हं" म्हणत मला वळसा घालतो.
एकदा कमिटीला म्हटलं, समोरच्या बाजूचा एक बाक अर्धा कापा, मी बायकोशेजारी बसेन. उत्तर, "तो बाक कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेला आहे."

शेवटचाबाक
बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात चौघांनी छप्पर उघडून पक्षाघात झालेल्याला खाली सोडलं. तिथे कमिटी असती तर छप्पर कुणाच्या स्मरणार्थ आहे ते आधी विचारलं असतं.

चाकांवरून
😂😂 हे मी पुढच्या मीटिंगमध्ये बोलणार आहे, तुमच्या नावावर.

जुनीपानं
बाकांचा विषय निघाला म्हणून. जागेची मालकी ही नुसती सवय नाही, एके काळी रीतसर व्यवहार होता. इंग्लंड-अमेरिकेत अगदी एकोणिसाव्या शतकातही चर्चमधले बाक भाड्याने मिळत. क्रमांक असे, काही बाकांना दारंसुद्धा. ज्यांना परवडत नसे ते मागे किंवा सज्जात, मोफत जागांवर. त्या भाड्यावर चर्च चालायचं, त्यामुळे ते बंद करायला पाळकही धजावत नसत. आणि बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच तर आहे: सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला "तू तिथे उभा राहा". पहिल्या शतकातली तक्रार आहे ही.
याउलट सहाव्या शतकातले संत बेनेडिक्ट. त्यांच्या मठाच्या नियमावलीत 53वा अध्याय पाहुण्यांवर आहे. येणाऱ्या प्रत्येकाला साक्षात ख्रिस्त आला असं समजून घ्या, म्हणतात. 66व्या अध्यायात द्वारपाल कसा असावा तेही आहे. समजूतदार म्हातारा हवा, निरोप घेता-देता येणारा आणि इकडेतिकडे न भटकणारा. कुणी दार ठोठावलं की त्याने "देवाचे उपकार" म्हणायचं. म्हणजे आलेल्याची चौकशी नंतर, आधी आभार. शिवाय

जुनीपानं
अर्धवट गेलं. बस आली होती.

पाळकीणबाई_बोलतेय
काका, तो "इकडेतिकडे न भटकणारा" आमच्या दारावरच्या दोघांना पाठवते. घंटा वाजली की दोघं गायब.

पाहुणा_होतो
मी ख्रिस्ती नाही. मित्राच्या आईच्या अंत्यविधीला गेलो होतो. कधी उठायचं, कधी बसायचं कळत नव्हतं, मी समोरच्या माणसाच्या पाठीकडे बघून उठबस करत होतो. तो गुडघ्याने अधू निघाला, तो बसूनच राहायचा. त्यामुळे मीही बसून आणि बाकी सगळे उभे 😅
मग प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, अख्खी ओळ उठून पुढे गेली. सगळ्यांच्या पर्सेस राखत मी एकटा बाकावर. घ्यायचं की नाही, नाही घेतलं तर अपमान होईल का, काहीच माहीत नाही. एका वाक्यात सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बाकी लोक प्रेमळ होते.

निवृत्त_पाळक
@पाहुणा_होतो, हे एक वाक्य सांगायला मला बारा वर्षं लागली. नंतर मी प्रत्येक वेळी म्हणायचो, "ज्यांना पुढे यायचं नाही त्यांनी निवांत बसून राहा, कुणी तुमच्याकडे बघणार नाही." ते ऐकून आमच्याच मंडळीतला एक जण म्हणाला, बरं झालं, माझं भावाशी भांडण चालू आहे, मीही दोन महिने बसून राहीन. आणि राहिला. मग भावाला घेऊन आला.
"नवीन आलेल्यांनी कृपया उभे राहा" हेही बंद केलं. लोकांना वाटतं तो मान आहे. लाजऱ्या माणसासाठी ती ओळखपरेड असते.

अकरा_फोन
उलटा अनुभव लिहू का? एका चर्चमध्ये फॉर्म भरला. सोमवार ते बुधवार अकरा फोन. तरुण संघ, गायकवृंद, प्रार्थना गट. एका काकांनी तर मला थेट नाटकात मेंढपाळ केलं. मी फक्त मावशीसोबत गेले होते! फॉर्मवर "फोन करावा का" असा एक चौकोन ठेवा की.

रविवारशाळा
स्वागतावर सगळे एवढं भरभरून लिहिताय म्हणून एक कडू गोष्ट. आमच्याकडे एक जण आला, अतिशय गोड बोलणारा, दुसऱ्याच रविवारी "मला मुलांना शिकवायचंय". आम्ही खूश, कारण शिक्षक कधी मिळतच नाहीत. एका जुन्या बाईंनी नियम पुढे केला: सहा महिने मंडळीत या, आधीच्या मंडळीचं पत्र आणा, पडताळणी होऊ द्या आणि वर्गात कायम दोन मोठी माणसं. तो चिडला, "हे कसलं प्रेम?" आणि परत आला नाही. पुढे काय ते माहीत नाही, कदाचित चांगलाही असेल. पण बाक सगळ्यांसाठी आणि मुलांचा वर्ग पडताळणीनंतर, एवढं पाळकाने स्वतः, सगळ्यांसमोर सांगायला हवं. आमच्याकडे ते त्या बाईंना एकटीला सांगावं लागलं आणि वाईटपणाही त्यांनाच आला.

पाळकीणबाई_बोलतेय
+१००. वाईटपणा नेहमी बाईलाच.

आई_फक्त
नाव बदलून लिहितेय. माझा मुलगा समलिंगी आहे. गायकवृंदात वाढलेला. घरी सांगितल्यावर महिनाभरात त्याने चर्च सोडलं, कुणी काढलं नाही. "आता मला तिथे प्रत्येक उपदेश माझ्यावरच वाटतो" म्हणाला. पोप फ्रान्सिस 2023 च्या ऑगस्टमध्ये लिस्बनला तरुणांसमोर म्हणाले होते, चर्चमध्ये सगळ्यांना जागा आहे, आणि मुलांकडून "सगळे, सगळे, सगळे" म्हणवून घेतलं. आम्ही प्रोटेस्टंट, पण तो व्हिडिओ मी कितीदा पाहिला असेल.

साधा_विश्वासी
ताई, तुमच्याबद्दल आदर ठेवून. स्वागत करणं आणि शिकवण बदलणं या दोन गोष्टी आहेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायला परवानगी दिली, तीही विवाहविधीसारखा भास होणार नाही अशा रीतीने आणि विवाहाची शिकवण तीच ठेवून. याच प्रश्नावर अमेरिकेत युनायटेड मेथडिस्ट चर्च या प्रोटेस्टंट पंथातून 2019 ते 2023 दरम्यान 7600 च्या आसपास मंडळ्या बाहेर पडल्या. सगळ्यांना आत घ्यायच्या नादात घर फुटतं, याचाही पाळकाला विचार करावा लागतो.

आई_फक्त
दादा, मी शिकवणीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. आमचे पाळकही तुमच्याच मताचे आहेत. पण ते घरी आले. मुलासोबत दोन तास गच्चीवर बसले. काय बोलले विचारलं तर मुलगा म्हणाला, क्रिकेट, आणि माझी गाण्याची वही कुठे आहे ते विचारलं. तो अजून येत नाही. त्यांचा मेसेज मात्र दर वाढदिवसाला येतो, आणि मुलगा उत्तर देतो. बस एवढंच लिहायचं होतं.

साधा_विश्वासी
ताई, माझ्या लिहिण्याने दुखावलं असेल तर माफ करा. तुमचे पाळक चांगले आहेत.

जुनीपानं
घर फुटण्याची भीती पहिल्यापासून आहे. बायबलमधल्या प्रेषितांच्या (येशूच्या शिष्यांच्या) कृत्यांतला सहावा अध्याय बघा, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपातून वगळलं जात होतं. कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी "तुम्हीच जरा जुळवून घ्या" म्हटलं नाही, सात माणसं निवडून काम सोपवलं. आणि सातांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प, सगळी ग्रीक नावं! ज्यांची तक्रार होती, वाटप बहुधा त्यांच्याच हाती दिलं. आमच्या कमिटीत वीस वर्षं तीच पाच आडनावं आहेत.

चाकांवरून
म्हणजे रॅम्पची किल्ली माझ्याकडे द्यायला हवी.

जुनीपानं
तेच म्हणतोय 🙂

वायरमन
@कॅमेऱ्यामागचा, माइकची वायर मेनच्या वायरीला समांतर गेलीय का बघा. असेल तर लांब करा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. मिक्सर आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डवर लावा. अर्थिंग मात्र काढू नका, काही जण तो शहाणपणा करतात, शॉक बसेल.

स्वाक्षरी_नाही
सर, तो हेल्मेटवाला मुलगा पुढे कधी भेटला का?

निवृत्त_पाळक
नाही. त्या दिवशी सूचना संपल्यावर गीत सुरू झालं तेव्हा मी बाहेर जाऊ शकलो असतो. चार कडव्यांचं गीत होतं. गेलो नाही, कारण ते गृहस्थ दुसऱ्याच बाकावर, समोर बसले होते आणि छपराच्या दुरुस्तीचे निम्मे पैसे त्यांच्याकडून यायचे होते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.
पुढच्या मंडळीत गेल्यावर उपासनेआधी दहा मिनिटं मी रोज वेगळ्या बाकावर बसायचो. कुणाच्या तरी जागेवर. कुणी "साहेब, ही आमची" म्हणायच्या बेतात आलं की मी सरकून त्यांना शेजारी बसवून घ्यायचो. काही जण त्यावरही नाराज झाले.

शेवटचाबाक
साहेब, आमच्याकडे या कधी. शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी जागा धरून ठेवतो.

निवृत्त_पाळक
धरून ठेवू नका हो, तिथूनच तर सगळं सुरू झालं 😄

कॅमेऱ्यामागचा
@वायरमन दादा, आत्ताच जाऊन बघितलं. वायरी एकाच पट्टीत गुंडाळलेल्या होत्या. वेगळ्या केल्या, गुंऽऽ गेलं. आता दुसराच आवाज येतोय, बहुतेक पंखा.