मदत हवी आहे: सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट कडेला पाणी सोडतंय, भिंत भरावी का?

नमस्कार मंडळी,

पाण्याच्या टाकीची भिंत भरायची आहे. जाडी २५० मिमी, उंची ३.६ मीटर. दोन्ही अंगांना सळ्यांची जाळी, त्यात कोपऱ्यांत लॅप (सळ्यांचे एकमेकांवर चढलेले जोड) आल्यामुळे तिथे व्हायब्रेटरची सुई उतरतच नाही. हनीकोंब (काँक्रीटमधल्या पोकळ्या) राहिलं तर टाकी गळणार, म्हणून सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट, म्हणजे व्हायब्रेटरशिवाय आपल्याच वजनाने पसरून बसणारं, वापरायचं ठरलं.

ट्रायलमध्ये स्लंप फ्लो (शंकू उचलल्यावर माल प्लेटवर किती रुंद पसरतो ते) ७३० मिमी आला. ६६० ते ७५० च्या वर्गात तो बसतो, म्हणून प्लांटवाले खूश आहेत. मला मात्र प्लेटवर पसरलेला माल बघून चैन पडेना. कडेला बोटभर रुंदीचं नुसतं पातळ पाणी सुटलंय आणि खडी मधोमध ढीग करून बसलीय. एल-बॉक्सचं (माल सळ्यांच्या फटींतून कितपत पुढे जातो ते बघायची चाचणी) गुणोत्तरही ०.७ च्या आसपासच, निदान ०.८ तरी हवं. खडी २० मिमीची आहे.

प्लांटवाले म्हणतात, व्हीएमए (माल चिकट, दाट ठेवणारं रसायन) वाढवू की काम झालं. तेवढ्याने भागेल का? दुसरं म्हणजे शटरिंग. फोरमनच्या मते नेहमीचंच चालेल. पूर्ण उंची एका दमात भरली तर तळाशी दाब किती धरायचा? टाकी पिण्याच्या पाण्याची आहे, त्यामुळे जरा घाईने विचारतोय.

प्रतिसाद:

या मिक्सने भिंत भरू नका. फ्लोचा आकडा माल किती पसरला एवढंच सांगतो. कडेचं पाणी आणि मधला ढीग म्हणजे पेस्ट खडीला धरून ठेवत नाही.

आधी वाळूतला ओलावा तपासा. घनमीटरला ८०० किलो वाळू असेल, तर ओलावा एक टक्का चुकला की आठ लिटर पाण्याचा फरक पडतो आणि हे काँक्रीट तेवढ्यानेही बिघडतं. मग सिमेंट, फ्लाय अॅश धरून एकूण पावडर बघा. घनमीटरला साधारण ३८० ते ६०० किलोंत असते, तुमची कमी निघाली तर वाढवा. व्हीएमए त्यानंतर. एल-बॉक्स अडतोय तो बहुधा खडीमुळे. १२ मिमीची घेऊन पुन्हा ट्रायल करा.

शटरिंगबाबत फोरमनचं ऐकू नका. माल द्रवासारखा धरूनच हिशेब करा: काँक्रीटचं वजन घनमीटरला २४ किलोन्यूटन गुणिले उंची ३.६ मीटर, म्हणजे तळाशी चौरस मीटरला सुमारे ८६ किलोन्यूटन. टाय आणि सपोर्ट त्या हिशेबाने लावा, फळ्यांचे सांधे नीट बुजवा, नाहीतर स्लरी तिथूनच निघून जाईल. ओतताना एकाच जागेवरून माल दहा मीटरपेक्षा लांब वाहू देऊ नका. साइटवर येणाऱ्या प्रत्येक गाडीचा फ्लो घ्या, आणि आकड्याआधी कड बघा.