एकच लेव्हल चॅनेल 7 टक्के जास्त दाखवतोय, ट्रान्समीटर मात्र ठीक. दोष कुठे शोधायचा?

प्रश्न – गेजग्लास

दाबाच्या पाण्याची अणुभट्टी, स्टीम जनरेटरची नॅरो रेंज लेव्हल (नेहमीच्या पट्ट्यातली पाण्याची पातळी). चार स्वतंत्र चॅनेल, वेट लेग (एका बाजूची, थंड पाण्याने कायम भरलेली संदर्भ-नळी) पद्धतीचे डीपी, म्हणजे दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणारे ट्रान्समीटर. दोन टॅपिंगमधलं (दाब घेण्याच्या जोडांमधलं) अंतर 3 मीटर, दाब साधारण 70 बार. पूर्ण पॉवरवर तीन चॅनेल 50 टक्के दाखवतात, चौथा 57 टक्के, आणि तो हळूहळू वरच सरकतोय. ट्रान्समीटर काढून बेंचवर पाच बिंदूंवर तपासला, एररमध्ये काही नाही. लूपमध्ये 250 ओहमवर 3.28 व्होल्ट मिळतात, म्हणजे 13.12 मिलिअँपिअर, 4 ते 20 च्या स्केलवर 57 टक्केच. कार्ड आणि इंडिकेटर निर्दोष. मग उरतं काय? वेट लेग गरम झाल्याने असं होऊ शकतं का?

उत्तर – थंडलेग

होऊ शकतं, पण फक्त तापमानाने 7 टक्के होणं अवघड आहे. आकडे मांडून बघा.

70 बारला संपृक्त पाण्याची घनता सुमारे 740, वाफेची 36.5 आणि 40 अंशांवरच्या वेट लेगमधल्या पाण्याची 992 किलो प्रति घनमीटर. लेव्हल शून्य असताना डीपी 28.1 किलोपास्कल, लेव्हल पूर्ण असताना 7.4. म्हणजे स्पॅन 20.7 आणि लेव्हल वाढली की डीपी घटतो. तुमचा 7 टक्के फरक म्हणजे 1.45 किलोपास्कल कमी.

तेवढा फरक फक्त उष्णतेने पडायचा, तर 3 मीटरच्या लेगची सरासरी घनता 943 वर यावी लागेल. म्हणजे संपूर्ण लेग सुमारे 120 अंशांवर. लेग 100 अंशांपर्यंत गेला तरी चूक जेमतेम 5 टक्के होते. चुकून त्यावर इन्सुलेशन चढवलेलं नसेल, किंवा आतून सतत गरम पाणी वाहत नसेल, तर इतकं तापणार नाही. कॉन्टॅक्ट थर्मामीटरने कंडेन्सेट पॉटखाली (लेगच्या वरच्या टोकाचं भांडं, जिथे वाफेचं पाणी होतं) हातभर अंतरावर मोजा आणि बाकीच्या तीन लेगशी ताडून बघा.

दुसरी शक्यता, लेगमधलं पाणी कमी झालंय. 1.45 किलोपास्कल म्हणजे 155 मिलिमीटर पाणी. गंमत अशी की पाणी 155 मिलिमीटर गेलं, पण इंडिकेटरवर लेव्हल 210 मिलिमीटरने फुगते, कारण लेगमधलं पाणी थंड आणि जड, जनरेटरमधलं गरम आणि हलकं. चूक 1.36 पटीने मोठी होते. 12 मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीत हे पाणी भरतं 18 मिलिलिटर. एवढ्याशा पाण्याने चॅनेल खोटा बोलतो.

उत्तर – मॅनिफोल्ड

वरचा हिशेब बरोबर आहे. पण कंडेन्सेट पॉट धड असेल तर किरकोळ गळती आपोआप भरून निघते, कारण वाफ तिथे सतत घनीभूत होत असते. म्हणून दोनपैकी एक असणार: गळती भरपाईपेक्षा मोठी, किंवा भरपाईच बंद.

भरपाई बंद पडण्याची नेहमीची कारणं: पॉटकडे जाणाऱ्या वाफेच्या नळीचा उतार चुकलेला आणि मध्ये पाणी साचलेलं, रूट व्हॉल्व्ह (टॅपिंगजवळचा) अर्धवट उघडा, किंवा पॉटमध्ये घनीभूत न होणारा वायू कोंडलेला. पॉटचं बाहेरचं तापमान बघा. बाकीच्या तीन पॉटच्या तुलनेत तो गार असेल, तर वाफ आत पोचत नाहीये.

दुसरा संशयित माझ्या मते पहिल्या क्रमांकाचा: ट्रान्समीटरच्या मॅनिफोल्डमधला (तीन व्हॉल्व्हचा संच) दोन्ही बाजू जोडणारा इक्वलायझिंग व्हॉल्व्ह पासिंग, म्हणजे बंद असूनही गळतोय. सीटवर बारीक कण अडकला की वेट लेगमधून खालच्या नळीकडे सतत प्रवाह सुरू होतो. पॉट पाणी देत राहतो, लेग रिकामा होत नाही, पण वाहत्या पाण्याने तो गरम होतो आणि नळीतल्या घर्षणानेही डीपी खातो. तीच चूक दोन बाजूंनी येते. ट्रान्समीटर बेंचवर निर्दोष निघण्याचं कारणही हेच. दोष मॅनिफोल्डमध्येच राहून जातो. मॅनिफोल्डसकट तपासणी करा: दोन्ही आयसोलेशन (दोन बाजूंच्या नळ्या तोडणारे व्हॉल्व्ह) आणि इक्वलायझिंग बंद ठेवून एका बाजूला टेस्ट दाब द्या, 5 मिनिटं पकडून ठेवा, दुसऱ्या बाजूला दाब चढतो का ते बघा.

आणि 'इक्वलाइज करून झीरो बघितला, ठीक आहे' यावर विश्वास ठेवू नका. या रेंजमध्ये डीपी शून्य म्हणजे हिशेबाने लेव्हल सुमारे 136 टक्के. आउटपुट 20 मिलिअँपिअरच्या वर जाऊन अडकतो आणि त्यावरून झीरो काहीच कळत नाही. हँडहेल्ड कम्युनिकेटरवर प्रत्यक्ष किलोपास्कल वाचा.

गेजग्लास

व्हॉल्व्हचा क्रम नक्की काय? आणि दुरुस्तीपर्यंत चॅनेल चालू ठेवायचा का?

उत्तर – मॅनिफोल्ड

तिन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी कधीही उघडे नकोत, नाहीतर वेट लेग खालच्या बाजूला सांडतो. बाहेर काढताना: वेट लेगकडचा आयसोलेशन आधी बंद, मग इक्वलायझिंग उघडा, मग दुसरा आयसोलेशन बंद. परत घेताना: जनरेटरच्या पाण्याकडचा आधी, हळू, मग इक्वलायझिंग बंद, शेवटी वेट लेगकडचा. झटका दिलात आणि टॅपिंग दुसऱ्या उपकरणाशी सामाईक असेल, तर तिकडेही रीडिंग उसळून नको तो ट्रिप (भट्टी आपोआप बंद पडणं) येईल. आधी ड्रॉइंग बघा.

उत्तर – रात्रपाळी

चॅनेल चालू ठेवायचा का, याला माझं उत्तर नाही असंच आहे. हा दोष कमी लेव्हलच्या ट्रिपसाठी धोकादायक दिशेचा आहे: पाणी खाली जात असताना हा चॅनेल सगळ्यांत उशिरा ओरडेल. 4 पैकी 2 लॉजिकमध्ये (कोणत्याही दोन चॅनेलनी सांगितलं की ट्रिप) त्याला ट्रिपमध्ये टाकलं तर उरलेल्या 3 पैकी 1 पुरे, बायपास केलं तर 3 पैकी 2. कोणतं आणि किती तासांत, ते स्टेशनच्या टेक्निकल स्पेसिफिकेशनमध्ये बघा. फीडवॉटर कंट्रोलला हा सिग्नल जात असेल तर तिथूनही काढा, नाहीतर कंट्रोलर 57 खरं मानून पाणी कमी करेल.

वेट लेग रिकामा झाला की रीडिंग 'सुरक्षित' दिसतं, हेच या पद्धतीचं वाईट. फुकुशिमा दाइइचीच्या 1 नंबर युनिटमध्ये मे 2011 मध्ये गेज कॅलिब्रेट केल्यावर कळलं, की पाणी इंधनाच्या माथ्याच्या 5 मीटरहून जास्त खाली आहे. तोवरचं रीडिंग बरंच वर होतं. उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांत तर दाब झपाट्याने उतरला की लेगमधल्या पाण्यात विरघळलेला वायू बाहेर येऊन पाणी ढकलतो. 1993 मध्ये अमेरिकेच्या नियामकाने त्यावर बुलेटिन काढलं आणि कंट्रोल रॉड ड्राइव्हच्या पाण्यातून लेगला सतत बारीक धार देण्याचा उपाय अनेक ठिकाणी आला.

उत्तर – थंडलेग

एक राहिलं. बदल झाल्यावर हा चॅनेल इतरांच्या मागे रेंगाळतो का, तेही तपासा. ट्रेंडवरचा बारीक थरथराट बाकी तिघांपेक्षा सपाट दिसत असेल, तर इम्पल्स लाइन (ट्रान्समीटरपर्यंत दाब आणणारी नळी) तुंबलेली किंवा ट्रान्समीटरमधलं सीलबंद तेल गळतंय. स्थिर दाबाच्या बेंच टेस्टमध्ये तेलगळती सुरुवातीला सापडत नाही. पायरीसारखा दाब देऊन प्रतिसादाचा वेळ मोजा.

लेग रिकामा निघाला तर पॉट भरायची वाट बघण्यापेक्षा हँडपंपाने गाळलेलं, डीमिनरलाइज्ड पाणी खालून भरा, म्हणजे हवेचे बुडबुडे वरून निघतात. नंतर रीडिंग स्थिर होईपर्यंत थांबा, चारही चॅनेलचा फरक नोंदवा, आणि मगच चॅनेल सेवेत घ्या.